पासवर्ड लॅपटॉपच्या पाठीवर : कुट्झटाऊनच्या तेरा मुलांचं प्रकरण

पासवर्ड लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवलेला होता. शाळा ज्या रस्त्यावर आहे त्या पत्त्याचं थोडक्यात केलेलं रूप, एवढाच तो पासवर्ड. २००४ सालच्या हिवाळ्याआधी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कुट्झटाऊन गावच्या हायस्कूलने प्रत्येक विद्यार्थ्याला एक याप्रमाणे सुमारे ६०० ॲपल आयबुक लॅपटॉप वाटले, आणि यंत्राबरोबर त्याची गुरुकिल्लीही मुलांच्या हातात दिली. पुढच्या उन्हाळ्यात याच शाळेतल्या तेरा मुलांवर पोलिसांनी गंभीर गुन्ह्याचा, तिकडच्या भाषेत ‘फेलनी’चा, आरोप ठेवला. वर्तमानपत्रांनी त्यांना नाव दिलं ‘कुट्झटाऊन थर्टीन’.

संगणक शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी हे प्रकरण मांडत आलो आहे. सांगून झालं की समोर हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पोरं हुशार होती, शाळेनेच नको तेवढा बाऊ केला. दुसरा म्हणतो, पुन्हा पुन्हा सांगूनही ऐकत नसतील तर पोलिसांकडे जाण्यावाचून इलाज काय? मला या दोन्ही उत्तरांतली घाई खटकते. पहिल्या दिवसापासून क्रमाने पाहिलं तर हे प्रकरण शाळेच्या आवारातच मिटवायची संधी एकदा नाही, अनेकदा आली होती. दर वेळी शिक्षा मुलाला झाली आणि कुलूप होतं तसंच राहिलं, किंवा अर्धवट बदललं गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे, पण तपशिलात शिरल्याशिवाय ते पटायचं नाही.

कुट्झटाऊन हे फिलाडेल्फियापासून साधारण ८० किलोमीटर वायव्येला, बर्क्स काउंटीतलं लहानसं गाव. जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांचा मुलूख, आणि गावात एक विद्यापीठही आहे. गाव लहान असलं तरी तंत्रज्ञानात मागे नव्हतं. २००२ च्या सुमारास तिथल्या नगर परिषदेने स्वतः पुढाकार घेऊन घरोघर इंटरनेटसाठी फायबरची जोडणी द्यायला सुरुवात केली होती, आणि त्या काळी ही गोष्ट भल्या भल्या शहरांत नव्हती. अशा गावातल्या हायस्कूलने प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्यायचं ठरवलं, यात नवल नाही. हेतू चांगला होता आणि पैसाही खरा खर्च झाला होता. आपल्याकडे एका संगणकावर तीन-तीन मुलं बसवून ज्यांनी तास घेतले आहेत, त्यांना हे वाचताना थोडा हेवाच वाटेल.

या आयबुकवर शाळेने दोन पहारेकरी बसवले होते. पहिला इंटरनेटवरच्या नको त्या साइट अडवणारा फिल्टर. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्याभोवती घडलं: दुरून पडदा पाहण्याची सोय. शाळेच्या व्यवस्थापकाने आपल्या खोलीत बसून कुठल्याही मुलाच्या स्क्रीनवर काय चाललं आहे ते पाहायचं.

ही सोय कशी चालते ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर मुलांनी ‘हॅकिंग’ केलं असं मोघम बोलून आपण मोकळे होतो. ॲपलचं या जातीचं स्वतःचं सॉफ्टवेअर म्हणजे ॲपल रिमोट डेस्कटॉप. त्याची दुसरी आवृत्ती २००४ मध्येच बाजारात आली. त्याचे दोन भाग असतात. एक भाग प्रत्येक विद्यार्थ्याच्या यंत्रावर गुपचूप चालू राहतो आणि हाक आली की उत्तर देतो. दुसरा भाग व्यवस्थापकाकडे. तिथून नुसतं पाहता येतं असं नाही. समोरच्याचा माउस आणि कीबोर्ड ताब्यात घेता येतो, स्क्रीन कुलूपबंद करता येते, सगळ्यांच्या पडद्यावर एकदम निरोप झळकवता येतो, यंत्र बंद करता येतं, पुन्हा चालू करता येतं, हवी ती आज्ञा एका झटक्यात शंभर यंत्रांवर चालवता येते. तीस मुलांच्या प्रयोगशाळेत एकटा शिक्षक असतो तेव्हा ही मोठीच मदत असते.

पण विद्यार्थ्याच्या यंत्रावरचा तो पहिला भाग हाक मारणाऱ्याला ओळखतो कशावरून? फक्त नाव आणि पासवर्डावरून. पलीकडे व्यवस्थापक बसला आहे की नववीतला मुलगा, हे त्याला कळायला दुसरा मार्ग नाही. ज्याच्याकडे पासवर्ड, तो साहेब. आणि हा पासवर्ड सगळ्या यंत्रांना एकच असेल तर एका यंत्राची किल्ली म्हणजे सगळ्या शाळेची किल्ली. इथेच घोडं पेंड खातं. कुट्झटाऊनमध्ये ही किल्ली यंत्राच्या पाठीवर होती.

व्हायचं तेच झालं. पासवर्ड या कानाचा त्या कानी गेला. तो टाकला की यंत्राच्या सेटिंग बदलता येत होत्या, फिल्टरला बगल देता येत होती. मुलांनी सर्वांत आधी काय उतरवून घेतलं असेल, तर आयचॅट. हा ॲपलचा मेसेजिंगचा प्रोग्रॅम २००२ मध्ये आला होता. त्याची गंमत अशी की एकाच नेटवर्कवरची यंत्रं त्यात एकमेकांना आपोआप सापडतात, मध्ये कुठल्या सर्व्हरची गरज पडत नाही. म्हणजे वर्गात मागच्या बाकावरच्या मित्राला चिठ्ठी पाठवायची, फक्त कागदाशिवाय. व्हॉट्सॲप यायला अजून पाच वर्षं होती. पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या मित्रांशी बोलायला मिळणं यापेक्षा मोठं आमिष कुठलं असणार! एका तरी मुलाने अश्लील मजकूर पाहिला असंही बातम्यांत आलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण तेरा जणांच्या गोष्टीतला मोठा भाग गप्पांचा होता.

मग काही जणांनी पुढचं पाऊल टाकलं. आधी आपल्या यंत्रावरची ती दुरून पाहण्याची सोय बंद केली. त्यानंतर तीच सोय उलटी फिरवली आणि व्यवस्थापकांच्याच स्क्रीन पाहिल्या.

शाळेला सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल, तर हेच, असं मला वाटतं. शिक्षक म्हणून मी ते समजू शकतो. व्यवस्थापकाच्या पडद्यावर दुसऱ्या मुलांचे गुण असू शकतात, एखाद्या घरचा नाजूक पत्रव्यवहार असू शकतो, पगाराचे आकडे असू शकतात. मुलांनी त्याचा गैरवापर केला असं पुढे कोणी म्हटलं नाही, तरी त्यांनी तिथे डोकवायला नको होतं. दुसऱ्याच्या उघड्या दारातून आत जाऊन कपाट पाहणं ही चूकच आहे, दार उघडं असलं तरी. कार्यशाळेत जे शिक्षक टाळ्या वाजवून ‘वा रे पठ्ठे’ म्हणतात त्यांच्याशी मी इथे सहमत नाही.

शाळेने आधी घरगुती उपाय केले. शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणं, काही दिवस वर्गाबाहेर काढणं, आणखी काही शिक्षा. मुलांनी आणि पालकांनी वर्षाच्या सुरुवातीला नियमांच्या कागदांवर सह्या केल्या होत्या, आणि त्यात कायदेशीर कारवाईचा इशारा छापलेला होता. शाळेचे वकील पुढे हाच मुद्दा लावून धरत राहिले: मुलांना हे चूक आहे हे पुरतं ठाऊक होतं, तरी ती थांबली नाहीत, आणि पालकांना वाटत होतं की कल्पकतेबद्दल आम्ही त्यांना बक्षीस द्यावं.

दरम्यान पासवर्ड बदलला गेला. पण काहीच यंत्रांवर.

या ‘काहीच’ शब्दापाशी मी दर वेळी थांबतो. ६०० यंत्रं आहेत, सगळ्यांची गुरुकिल्ली एक आहे, ती फुटली आहे हे कळलं आहे. अशा वेळी काही यंत्रांचीच किल्ली बदलणं म्हणजे वाड्याच्या सात दरवाज्यांपैकी दोनांना नवी कुलपं लावून निश्चिंत झोपणं. शिवाय जी बदलली तीही टिकली नाहीत. काही मुलांनी नव्या पासवर्डचं सांकेतिक रूप मिळवलं आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या एका प्रोग्रॅमने ते फोडलं.

हे कसं होतं? संगणक पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्याचा गणिती चुरा करतो आणि तो चुरा जपून ठेवतो. चुऱ्यावरून मूळ पासवर्ड परत बनवता येत नाही. पण तो चुरा ज्याच्या हाती लागला, त्याला घरी निवांत बसून लाखो शब्दांचा तसाच चुरा करून पाहता येतो. जुळला की सापडला. पासवर्ड छोटा, ओळखीच्या शब्दाचा असेल तर काम लवकर होतं. आणि पाठीवरच्या चिठ्ठीने मुलांना यंत्राचे सर्वाधिकार आधीच दिलेले असतील, तर तो जपून ठेवलेला चुरा तरी किती जपलेला राहणार?

माझ्या मते मुलांच्या वागण्याचा पोत इथे बदलला. चिकटवलेली चिठ्ठी वाचणं हा खोडकरपणा आहे. शिक्षा झाल्यावर, किल्ली बदलली आहे हे समजल्यावर, खास हत्यार आणून ती नवी किल्ली फोडणं ही समजून-उमजून केलेली गोष्ट आहे. तेरा जणांपैकी प्रत्येकाने हे दुसरं पाऊल टाकलं नव्हतं, बातम्याही ‘काही विद्यार्थी’ असंच म्हणत होत्या. तरी आरोप तेराही जणांवर एकाच मापाने ठेवले गेले. कोणी आयचॅट घेतलं, कोणी पडदा पाहिला, कोणी पासवर्ड फोडला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना एक शिक्षा असूच शकत नाही.

पुढे जाण्याआधी माझ्याच प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगतो. या प्रकरणाकडे मी ज्या नजरेने पाहतो ती तिथून आली आहे.

२००८-०९ चं वर्ष. तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, वीस संगणक, सगळ्यांवर विंडोज एक्सपी. भारनियमनामुळे तासच्या तास बुडायचे, त्यामुळे वीज असली की मुलं जीव तोडून काम करायची. त्या दिवशी दहावीच्या मुली प्रकल्पाचं टायपिंग करत होत्या. अचानक एका पडद्यावर करडी खिडकी उघडली, मग शेजारच्या, मग सगळ्याच. यंत्र बंद होत आहे, काम जतन करा, आणि खाली उलटी मोजणी: तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. मला वाटलं यूपीएस गेला. मी धावत बॅटरीपाशी गेलो. परत येईपर्यंत वीसपैकी बहुतेक पडदे काळे झाले होते. एका मुलीची चार पानं गेली. ती रडली नाही, नुसती कीबोर्डकडे बघत बसली.

त्या खिडकीत एक ओळ असते, घाईत कोणी वाचत नाही: हे बंद करण्याची आज्ञा कोणी दिली. त्यात सात नंबरच्या यंत्राचं नाव होतं. तिथे नववीतला एक मुलगा तास नसताना येऊन बसला होता. आदल्याच आठवड्यात त्याने ‘नेट सेंड’ ही निरोप पाठवायची आज्ञा वापरून सगळ्या पडद्यांवर ‘आज सुट्टी आहे’ असा निरोप पाठवला होता, आणि मी कान पिळून सोडून दिलं होतं.

“अरे, हे कोणी शिकवलं तुला?”

“कोणी नाही सर. तुम्ही पाठवता ना ‘दहा मिनिटं राहिली’ म्हणून, ते कसं पाठवता ते बघत होतो. मग पुढचं पण सापडलं.”

“आणि पासवर्ड?”

“सर, पासवर्ड तर सगळ्यांनाच माहितीय. रोज त्यानेच तर चालू करतो.”

तो खरं बोलत होता. दुसऱ्याचं यंत्र दुरून बंद करायला एक्सपी सहजासहजी देत नाही. समोरच्या यंत्रावर सर्वाधिकार असलेलं खातं लागतं. आमच्याकडे वीसही यंत्रांवर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एकच होता आणि मुलं रोज त्याच खात्याने बसत होती. प्रिंटर आणि सामायिक फोल्डर सगळ्यांना दिसावं म्हणून यंत्रं बसवणाऱ्याने फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या हाका अडवणारी भिंत, बंद केली होती आणि शेअरिंगचे निर्बंधही काढले होते. राहता राहिली निरोपाची मेसेंजर सेवा. मायक्रोसॉफ्टने ती एक्सपीच्या २००४ मधल्या मोठ्या सुधारणेपासून, सर्व्हिस पॅक दोनपासून, मुळातच बंद करून टाकली होती, कारण त्याआधीची दोन वर्षं जाहिरातबाज लोक तीच वापरून जगभरच्या पडद्यांवर नको त्या खिडक्या उघडत होते, आणि ऑक्टोबर २००३ मध्ये तिच्यात एक गंभीर भगदाडही सापडलं होतं. ती सेवा आमच्या प्रयोगशाळेत मीच माझ्या हाताने चालू केली होती. तासाला ओरडावं लागू नये म्हणून.

मी त्या मुलाला उरलेल्या सत्रापुरतं प्रयोगशाळेत यायला बंदी केली. पासवर्ड मात्र पंधरा दिवस तोच राहिला, कारण बदलायला वेळ मिळत नव्हता. आज हे लिहिताना त्या पंधरा दिवसांची मला लाज वाटते. कुट्झटाऊनबद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आता पुन्हा पेनसिल्व्हेनियात. शाळेने पोलिसांना कळवलं आणि तेराही जणांवर ‘कॉम्प्युटर ट्रेसपास’, म्हणजे परवानगीवाचून संगणकातली माहिती, प्रोग्रॅम किंवा सॉफ्टवेअर बदलल्याचा आरोप लागला. हे कलम पेनसिल्व्हेनियाने २००२ मध्ये केलेल्या संगणक गुन्ह्यांच्या कायद्यातलं. तिथे तो तिसऱ्या दर्जाचा फेलनी ठरतो, आणि प्रौढ माणसाला या दर्जाच्या गुन्ह्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलं अल्पवयीन असल्यामुळे प्रकरण बर्क्स काउंटीच्या बाल न्यायालयाकडे गेलं. तिथे सुधारगृहापासून समाजसेवेपर्यंत काहीही होऊ शकत होतं. सुनावणीची तारीख पडली २४ ऑगस्ट २००५.

त्याआधीच्या आठवड्यांत बातमी देशभर गेली. एका मुलाच्या काकांनी मुलांची बाजू मांडणारी वेबसाइट काढली. ती हजारो लोकांनी पाहिली, आणि तिच्यावर टी-शर्ट आणि गाडीला लावायचे स्टिकर विकायला ठेवले होते. एका स्टिकरवर लिहिलं होतं, ‘मला अटक करा, मला पासवर्ड माहीत आहे!’ आरोपींपैकी पंधरा वर्षांच्या एका मुलाचं म्हणणं असं की मोठी माणसं वेगमर्यादा ओलांडतात, चूक आहे हे त्यांनाही माहीत असतं, पण त्यांना दंड होईल एवढीच त्यांची अपेक्षा असते, फेलनीची नाही. पुढे कॉलेजचा प्रवेश आणि नोकरी अडेल ही त्याची भीती होती. मला हा युक्तिवाद पोरकट वाटत नाही. शिक्षेचं प्रमाण हाच तर सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि तो पंधरा वर्षांच्या मुलाने नेमका पकडला.

सगळ्यात मोलाची साक्ष मात्र गावच्या पोलिसप्रमुखांची होती. शाळेने काढून टाकण्याखेरीज बाकी सगळे उपाय करून पाहिले होते, असं सांगून त्यांनी शाळेची पाठराखण केली. त्याच वेळी त्यांनी हेही स्वच्छ सांगितलं की मुलांनी नेटवर्कवर हल्ला केला, ते बंद पाडलं, गुण बदलले किंवा दुसरं काही द्वेषाने केलं याचा कुठलाही पुरावा नाही. म्हणजे गुन्हा नोंदवणारा माणूसच म्हणत होता की नुकसान झालेलं नाही.

याच सुमारास वार्ताहरांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्रदीप खोसला यांना गाठलं. खोसला तेव्हा तिथल्या अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख होते आणि सायबर सुरक्षेचं कामही पाहत होते. ते म्हणाले की त्यांना याचं जराही आश्चर्य वाटलं नाही: शाळांमधल्या संगणक कर्मचाऱ्यांना पुरेसं प्रशिक्षणच मिळत नाही, त्यामुळे बेताचं कौशल्य असलेल्या मुलांनाही सुरक्षा ओलांडणं सोपं जातं. आपल्या शिक्षकांनी हे मनाला लावून घ्यायचं कारण नाही. ज्याला गणिताचे तास घेऊन उरलेल्या वेळात प्रयोगशाळा सांभाळायला सांगितलं आहे, त्याच्याकडून ६०० यंत्रांच्या किल्ल्या सांभाळण्याची अपेक्षा करणारी व्यवस्थाच चुकीची आहे.

शेवटी ऑगस्ट संपता संपता तडजोड झाली. पंधरा तास समाजसेवा, माफीचं पत्र, वैयक्तिक जबाबदारीवरचा एक वर्ग आणि काही महिने देखरेख. हे मान्य केलं की आरोप मागे. पंधरा तास! त्या गावातल्या रागाचं, वकिलांच्या फीचं, मुलांच्या झोपा उडण्याचं शेवटी जे उत्तर निघालं, ते शाळेच्या मुख्याध्यापकाला डिसेंबरमध्येच आपल्या खोलीत देता आलं असतं. मुलाने माफी लिहावी, पंधरा तास ग्रंथालयात पुस्तकं लावावीत, आणि नेटवर्क म्हणजे काय, दुसऱ्याचा पडदा म्हणजे काय हे त्याला कोणी बसवून शिकवावं. शाळेच्या जिन्यात ‘थांबवून ठेवणं’ आणि ‘पोलीस’ यांच्यामध्ये ही पायरीच नव्हती.

या प्रकरणाला एक उत्तरार्ध आहे असं मी मानतो, जरी तो दुसऱ्या शाळेत घडला. पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०१० मध्ये, फिलाडेल्फियाला लागूनच असलेल्या लोअर मेरियनच्या शाळा मंडळावर एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी खटला भरला. तिथेही प्रत्येक हायस्कूल विद्यार्थ्याला मॅकबुक दिलं होतं. हरवलेलं यंत्र शोधण्यासाठी म्हणून त्यात एक सोय होती: शाळेने दुरून आज्ञा दिली की लॅपटॉपचा कॅमेरा ठरावीक मिनिटांनी फोटो काढी आणि पडद्याचं चित्रही शाळेकडे धाडी. मुलं घरी, आपल्या खोलीत असतानाही. चौकशीत अशी साधारण ५६,००० चित्रं निघाली. ऑक्टोबर २०१० मध्ये मंडळाने ६,१०,००० डॉलर देऊन दावे मिटवले. गुन्हेगारी हेतू दिसत नाही म्हणून सरकारी वकिलांनी कोणावरही आरोप ठेवला नाही.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की मला अस्वस्थ व्हायला होतं. मुलांनी दुरून मोठ्यांचे पडदे पाहिले, द्वेष नव्हता, नुकसान नव्हतं, तरी फेलनी. मोठ्यांनी दुरून मुलांच्या खोल्यांमधले फोटो काढले, तिथे हेतू नव्हता म्हणून आरोप नाही. हेतूचा हा विचार लोअर मेरियनमध्ये झाला ते योग्यच झालं. तोच विचार कुट्झटाऊनच्या पोरांच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून यायला हवा होता.

आपल्याकडे असं घडलं तर? प्रशिक्षणात हा प्रश्न येतोच. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा जबाबदार व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात शिरणं, माहिती उतरवून घेणं, कामात व्यत्यय आणणं हे सगळं येतं, आणि त्यातून भरपाईची जबाबदारी येते. तेच कृत्य फौजदारी गुन्हा व्हायला मात्र कलम ६६ प्रमाणे ते ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटाने’ केलेलं असावं लागतं. ही अट २००८ च्या दुरुस्तीने आली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. मला ही आपल्या कायद्यातली फार चांगली अट वाटते. नुसत्या गप्पांसाठी प्रोग्रॅम टाकणारा मुलगा तिच्यात बसवणं अवघड आहे. आणि बसवलाच, तरी अठरा वर्षांखालचा मुलगा बाल न्याय मंडळासमोर जातो. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा २०१५ च्या बाल न्याय कायद्यात किरकोळ धरला जातो, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा वेळी एफआयआर न नोंदवता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची असते. ‘पोलिसांत देईन’ अशी धमकी देणाऱ्या मुख्याध्यापकांना हे माहीत असलेलं बरं.

आमच्या प्रयोगशाळेत पंधरा दिवसांनी का होईना, मी एका शनिवारी बसून वीसही यंत्रांना वेगवेगळे पासवर्ड दिले आणि ते एका वहीत लिहून ती कपाटात ठेवली, कपाटाची किल्ली कार्यालयात. मुलांसाठी मर्यादित अधिकाराचं वेगळं खातं केलं. त्या खात्यातून कोणाचंच यंत्र दुरून बंद होत नाही, हे मी सात नंबरवर बसून स्वतः करून पाहिलं. निरोपाची सेवा बंद केली. ‘दहा मिनिटं राहिली’ हे पुन्हा तोंडाने सांगायला लागलो. त्या मुलाची बंदी उठवली आणि त्याला त्या मुलीकडे पाठवलं. तिची गेलेली चार पानं तिच्या हस्तलिखितावरून टाइप करून द्यायची, हे त्याचं काम. त्याला दोन तास लागले. तो एका बोटाने टाइप करत होता, आणि ती शेजारी उभी राहून ऱ्हस्व-दीर्घ सुधारत होती.